चार बोटं डावीकडे

टेबलावरचा कॉम्प्युटर बोटानं चालवायची कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याला दिवसभर हात पुढे धरून उभं करायला हवं, असं तिचं स्पष्ट मत होतं. फोन कसा, हातात असतो. हा पडदा मात्र भिंतीसारखा समोर उभा. दुपारपर्यंत खांदा ठणकू लागायचा आणि काचेवर इतके तेलकट ठसे, की आराखड्यात कपाटाचं दार कुठलं आणि डाग कुठला, कळायचं नाही.

ती फर्निचरचे आराखडे काढायची. गिऱ्हाइकासमोर बोट फिरवलं की छाप पडते, म्हणून मालकांनी हे पडदे आणले आणि सगळे माऊस गोळा करून कुलपात टाकले. छाप पडायची तेव्हा पडो, तिचा जीव मेटाकुटीला आला होता. त्यात घरी तीन वर्षांची ठमी तापानं फणफणलेली. "आई, लवकर ये ना," म्हणून फोनवर रडली होती. आणि आराखडा हातात पडल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही, असं मालकांनी बजावलं होतं.

नेमका आजच पडदा बिथरला. ती बोट टेकवी तिथे काहीच होईना. रेघ उमटे ती चार बोटं डावीकडे. खण काढायला जावं तर दार पुसलं जाई. तिनं पडदा पुसला, हात धुतले, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं बोट टेकवलं, तर रेघ जिथल्या तिथे!

"मॅडम, पडदा ठणठणीत आहे."

"मग काय मला वेड लागलंय?"

"तसं नाही हो. बोटाची आणि पडद्याची जुळवणी करून टाकू. फुली दिसेल तिथे दाबत जा."

ती दाबत गेली. एरवी चार-दोन फुल्यांत काम भागतं, या संपता संपेनात. शेवटच्या फुलीला काच कोमट लागली. मग पडद्यावर काहीतरी प्रश्न आला. वाचायला वेळ कुणाला होता? तिनं वैतागून 'हो' दाबलं.

"अहो, थांबा," दुरुस्तीवाला म्हणाला. "पडद्याऐवजी बोट जुळवायचं का, असं हा कधी विचारत नाही."

पण प्रश्न गेला होता. बोट आता अचूक चालू लागलं. तिनं आराखडा झपाट्यानं संपवला, मालकांना पाठवला आणि पर्स उचलायला हात घातला.

हातात काहीच आलं नाही. पर्स तर समोर दिसत होती. चाचपडत हात उजवीकडे गेला, तेव्हा पट्टा बोटांना लागला. दमलोय आपण, ती स्वतःशीच चरफडली.

घराच्या दारातही तेच. बोट घंटीच्या बटणावर टेकलेलं दिसत होतं आणि बोटाला लागत होता भिंतीचा खरखरीत गिलावा. ती रडायच्या बेतात आली होती. तिनं बोट उजवीकडे, कोऱ्या भिंतीवर सरकवलं. तिथे गोल, गुळगुळीत बटण लागलं. घंटी वाजली.

"आत्ताच डोळा लागलाय तिचा," सासूबाई दार उघडत म्हणाल्या. "हळू जा."

ठमी पलंगावर कुशीला झोपली होती. गाल लाल झालेले. तिनं ठमीच्या कपाळावर हात ठेवला.

हाताला गार चादर लागली.

हात कपाळावरच होता. तिला दिसत होता.

तिनं हात हळूहळू उजवीकडे नेला. तिथे रिकामी गादी होती. आणि त्या रिकाम्या गादीवर तिच्या तळव्याला तापलेलं कपाळ लागलं, घामानं ओले झालेले केस लागले.

सापडली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती थोपटू लागली.

"आले हं मी, ठमे."

समोरच्या ठमीनं डोळे उघडले. ती उठून बसली आणि आईच्या हाताकडे बघत राहिली.

"आई, तू कुणाला थोपटतेस?"

हाताखालचं कपाळ हललंसुद्धा नव्हतं. मनगटावर गरम, संथ श्वास येत होता, गाढ झोपेतला.