साडूच्या बाजूची खिडकी

त्या दुपारी मी नेहमीसारखाच चौकीत गाडीची किल्ली घ्यायला गेलो होतो. फरक एवढाच, की जाताना शीळ घालत होतो. त्या दिवसापासून माझा साडू माझ्या हाताखाली कामाला येणार होता.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. आम्ही दोघंही पोलिसात, एकाच चौकीत. पण तो तपास विभागात, आणि मी रस्त्याच्या कडेला गाडी लावून भरधाव जाणाऱ्यांचे फोटो काढणारा. सासरी जेवायला गेलो की सासरेबुवा त्याला आपल्या शेजारची खुर्ची देत आणि विचारत, "हं, मग त्या घरफोडीचं पुढं काय झालं?" माझ्याकडे वळायचे ते स्वतःला झालेला दंड माफ होतो का, हे विचारायला. घरी बायकोचंही तेच. भावजींनी याला पकडलं, भावजींनी त्याला बोलतं केलं. मी त्याच्या शंभरपट माणसं पकडली असतील, पण त्यांतल्या एकाचीही गोष्ट कुणी जेवताना ऐकायला मागत नाही. तो माझ्या डोळ्यांत सलायचा. उगाच गोड बोलत नाही, सलायचाच.

मग नवे साहेब आले आणि माझे दिवस फिरले. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "चोर माणसं मारत नाहीत तेवढी हा रस्ता मारतो. आता वेग आधी, बाकी सगळं नंतर." तपास विभागात दोन माणसं ठेवली आणि उरलेल्यांना रस्त्यावर काढलं. माझा साडू उठून उभा राहिला.

"साहेब, खोक्यांच्या कारखान्यातली ती बाई अजून सापडलेली नाही. प्रकरण माझ्याकडं आहे."

"बंद करा म्हणालो का मी? बाजूला ठेवा."

तो खाली बसला. सगळे माना खाली घालून होते आणि मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

तर मी किल्ली घेतली आणि आम्ही बाहेर पडलो. दारातल्या बाकावर त्या हरवलेल्या बाईची मोठी बहीण बसली होती. ती रोज यायची. तिनं साडूचा हातच धरला.

"साहेब, सापडेल ना हो ती?"

"बघतोय," तो म्हणाला आणि हात सोडवून घेतला.

गाडीत बसल्यावर मला राहवलं नाही. "धीराचे दोन शब्द बोलला असता, तर जीभ झिजली असती का दादा?"

"अशा माणसाला शब्द द्यायचा नसतो," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "शब्द दिला की तो आपल्या मागं घरापर्यंत येतो. तुझ्या कामात हे कळायचं नाही."

तुझ्या कामात! पहिल्याच दिवशी, माझ्याच गाडीत बसून. मी गिअर जरा जोरातच टाकला.

आमची जागा शहराबाहेरच्या सरळ रस्त्यावर होती. एका बाजूला त्या खोक्यांच्या कारखान्याची लांबच लांब भिंत, दुसऱ्या बाजूला पडीक रान, आणि पुढं रस्ता पुलावरून पलीकडच्या वस्तीकडे जायचा. घर नाही, दुकान नाही. संध्याकाळ झाली की रानातून धुकं यायचं आणि रस्त्यावर गुडघाभर पसरून राहायचं. गाडीत मागं यंत्र आणि पुढं त्याचा छोटा पडदा. जे जवळ येतं त्याचा वेग हिरव्या आकड्यात दिसतो, जे दूर जातं त्याचा तांबड्या आकड्यात. मर्यादा ओलांडली की उजेड लखकन पडतो आणि फोटो निघतो. जे थांबलेलं आहे ते यंत्राच्या लेखी नसतंच.

हे सगळं मी त्याला फार सावकाश, पुन्हा पुन्हा समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ती बाई पाळी सुटली की याच रस्त्यानं चालत घरी जायची. त्या संध्याकाळी तू इथंच होतास."

"होतो. मग? फोटो दिले ना सगळे?"

"दिलेस. सगळे भरधाव गेलेल्यांचे. ज्यानं तिला नेलं तो सावकाश गेला असणार."

पलीकडे कारखान्याचा भोंगा वाजला आणि विरून गेला. रस्ता रिकामा होता. यंत्राची घरघर आणि तापलेल्या वायरींचा वास, एवढंच.

तेवढ्यात पडद्यावर हिरवा आकडा उमटला. पाच.

मी समोर पाहिलं. रस्त्यावर काही नव्हतं. धुकंसुद्धा हलत नव्हतं. आकडा टिकून होता. पाच, पाच, मधेच चार, पुन्हा पाच. थकलेलं माणूस चालतं तसा.

"कुत्रं असेल," मी म्हणालो.

गाडीत हळूहळू एक वास भरत होता. ओल्या पुठ्ठ्याचा आणि खोकी चिकटवायला शिजवलेल्या खळीचा. मग आकडा गेला. म्हणजे जे येत होतं ते थांबलं होतं. आणि ते माझ्या बाजूला थांबलेलं नव्हतं, कारण साडूच्या बाजूच्या काचेवर बाहेरून वाफ धरली... तोंडाएवढी.

त्यानं काच खाली केली.

"ऐकतोय मी," तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला. "सांगा."

मला काही ऐकू आलं नाही. तो मात्र मान किंचित कलती करून बसून राहिला. बऱ्याच वेळानं पडद्यावर तांबडा पाच उमटला, म्हणजे ते पुलाच्या दिशेनं निघालं होतं, आणि मग विझला.

त्या रात्री मला झोप आली नाही. भीती वाटलीच, नाही कशाला म्हणू? पण भीतीहून मोठं काहीतरी छातीत ठुसठुसत होतं. यंत्र माझं. रस्ता माझा. किती वर्षं त्या सीटवर बसून माझी पाठ मोडली. आणि ती आली ती नेमकी याच्या खिडकीशी! जिवंत माणसं त्याच्याभोवती घोळका करतात ते एक वेळ सोसलं. आता मेलेलीसुद्धा?

मग हे रोजचंच झालं. भोंगा, हिरवा आकडा, खळीचा वास, त्याची खाली जाणारी काच. मी शेजारी दगडासारखा बसलेला. परतताना तो एखादं वाक्य बोलायचा. "गाडीत मागच्या सीटवर घोंगडी होती म्हणे." मी विचारायचो, "म्हणे? कोण म्हणे?" तो खिडकीबाहेर बघायचा. एके दिवशी एवढंच म्हणाला, "आता फार दिवस लागायचे नाहीत. जागा सांगेल ती."

जागा सांगेल, हा शोधून काढेल, आणि सासरेबुवा पुन्हा त्याला शेजारी बसवतील. माझं यंत्र, माझा रस्ता, आणि गोष्ट त्याची. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी मी त्याची पाळी चौकीतल्या फोनवर लावली. गाडीचा प्रमुख मीच होतो.

"आज नको," तो म्हणाला. त्यानं कधी नव्हे ते माझ्याकडं नीट पाहिलं. "उद्यापासून कुठंही बसव. आज नको रे."

"पाळीपाळीनं सगळ्यांनाच बसावं लागतं, दादा."

त्या संध्याकाळी मी त्याच्या सीटवर बसलो आणि काच आधीच खाली करून ठेवली. भोंगा वाजला. धुकं भिंतीला टेकलं. हिरवा पाच आला. चार. पाच. वास इतका दाट झाला की घशात चिकटू लागला. आकडा विझला आणि माझ्या कानाशी गार हवा हलली.

"ते... कुठं आहेत?"

आवाज दमलेला होता. दिवसभर उभं राहून काम केलेल्या बाईचा. आणि इथंही पहिली चौकशी त्याचीच!

"ते येणार नाहीत," मी म्हणालो. "आता मी आहे. मला सांगा."

गार हवा पुन्हा हलली. "तुम्ही... तेव्हाही होतात. मी हात केला होता."

"मला दिसलं नाही. पडद्याकडं बघावं लागतं आम्हाला." मी बोलत राहिलो. "आता बघतोय ना? त्यांनी तुम्हाला शब्द दिला का कधी? मी देतो."

"माझ्याबरोबर याल?"

"येईन."

"शेवटपर्यंत...?"

"शेवटपर्यंत," मी म्हणालो. त्याच्यापेक्षा वरचढ व्हायचं एवढंच डोक्यात होतं.

पडद्यावर तांबडा पाच उमटला. मी टॉर्च घेऊन उतरलो. दिसत काही नव्हतं, पण खळीचा वास पुढं पुढं जात होता आणि मी त्याच्या मागं. पुलाच्या अलीकडं वास रस्ता सोडून खाली उतरला, रस्त्याखालच्या पाण्याच्या मोरीच्या तोंडाशी गेला आणि थांबला. मी टॉर्च आत मारला. घोंगडीचं टोक दिसलं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. घोंगडीवरून कारखान्यातला पाळीप्रमुख सापडला. शांत, सभ्य, सावकाश गाडी चालवणारा, जन्मात एकदाही पावती न झालेला माणूस. नव्या साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली आणि तपास विभागातल्या दोन खुर्च्यांपैकी एक मला दिली. तिची बहीण माझ्या पायांवर डोकं ठेवून रडली. सासरेबुवांनी मला शेजारी बसवलं आणि पोळी थंड झाली तरी ऐकत राहिले. साडू टेबलाच्या टोकाला बसला होता. माझी गोष्ट संपल्यावर त्यानं एकच विचारलं.

"तिनं तुला फुकट दाखवलं?"

"काय?"

"काय बोललास तिच्याशी?"

"काही नाही," मी म्हणालो आणि भाजी मागितली.

तो आता गाडीवर एकटा असतो. प्रमुखही तोच. मी अधूनमधून संध्याकाळी तिकडं चक्कर टाकतो. चौकीची गाडी कारखान्याच्या फाटकाशी ठेवायची आणि भिंतीच्या कडेनं रमतगमत चालत जायचं. काम काही नसतं. तो त्या सीटवर बसलेला बघायला बरं वाटतं, आणखी काय?

परवा असाच गेलो. काच अर्धी खाली होती. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही, पडद्याकडं पाहत होता.

"काय दादा, येते का कुणी खिडकीशी?" मी विचारलं.

"तू तिला शोधून काढलंस त्या दिवसापासून कुणी नाही. नुसत्या गाड्या. तू आलास की मात्र... दोन आकडे येतात."

"म्हणजे?"

"एक तुझा. एक तुझ्या मागचा. गेल्या वेळी दोन्ही पाच होते. आज तुझा पाच होता." त्यानं काचेच्या बटणावर बोट ठेवलं. "मागचा सहा."

मी हसलो. म्हटलं, खुर्ची गेली म्हणून जळतोय. किती वर्षं मी जळलो, आता याची पाळी. हे मी त्याला तोंडावर सांगणारही होतो, पण त्यानं काच वर करायला घेतली. उरलेल्या फटीतून म्हणाला, "जा आता. वाटेत थांबू नकोस."

मी वळलो आणि चालू लागलो. मुद्दाम सावकाश. कारखान्याचा भोंगा केव्हाच वाजून गेला होता. रस्ता दोन्ही बाजूंना रिकामा होता. गाडीचा आवाज नाही, दिवा नाही.

तेवढ्यात मागं यंत्राचा उजेड लखकन पडला. मर्यादेच्या पुढं काही गेलं तरच तो पडतो. डावीकडची भिंत पांढरी झाली, उजवीकडचं रान पांढरं झालं, समोरचं कारखान्याचं फाटकसुद्धा क्षणभर दिसलं. पायांपुढं माझी सावली पडायला हवी होती. पडली नाही. मी उभा होतो तेवढ्या जागेत उजेड पोचलाच नव्हता. माझ्या पाठीला लागून कुणीतरी तो सगळा अडवला होता.

त्या फोटोखाली वेगाचा आकडा छापला गेला असणार. साडूला तो माहीत आहे. मी त्याला दोनदा विचारलं. तो मान खाली घालतो आणि सांगत नाही.