पैलवानाची डावी मोटार

दसऱ्याच्या सकाळी धारूरच्या शाळेत पैलवान जागच्या जागी गोल फिरू लागला आणि मुख्याध्यापिका कौशल्याबाई धावत आल्या.

पैलवान म्हणजे मुलांनी बनवलेला यंत्रमानव. सायकलची साखळी, पत्र्याचा हात, दोन चाकांना भंगारातल्या जीपच्या वायपरच्या दोन मोटारी. लांब वायरीच्या टोकाला खटक्यांची पेटी. साल दोन हजार. गावात कॉम्प्युटर क्लासची पहिली पाटी नुकतीच लागलेली. उद्या सकाळच्या एसटीनं पैलवान औरंगाबादच्या स्पर्धेला निघणार होता. परवापर्यंत नाकासमोर चालायचा. आज त्याचं डावं चाक रखडत होतं.

पेटी दहावीतल्या पवनच्या हातात होती. स्थिर हाताचा पोरगा म्हणून त्याची निवड झाली होती. आता तो खटके पुन्हा पुन्हा दाबून पाहत होता.

"काल खंडेनवमी होती," विज्ञानाचे विश्वेश्वर सर म्हणाले. कपाळावरचे भस्माचे पट्टे घामानं ओघळले होते. "यंत्राला हात लावायचा नसतो. हा दुपारी एकटाच येऊन काहीतरी करून गेला. पूजेला मात्र बाजूला उभा होता म्हणे."

पवनचं घर बौद्ध. तो बाजूला उभा राहिला हे बाईंना मुळीच खटकलं नव्हतं. कुंकू त्यांनीच वाहिलं होतं. दोन्ही मोटारींना, साखळीला, पान्यांना. सर तेव्हा घरच्या पूजेत होते.

"चालवणारा बदला, बाई. शिवानीला पेटी द्या. दुपारपर्यंत मी पैलवानाला सरळ करतो."

"आधी मोटारींवरचं झाकण उघडू."

"आता कशाला? वेळ कुठंय?"

कौशल्याबाईंना कुठल्याही गोष्टीत थांबणं ठाऊक नव्हतं. त्यांनी पदर खोचला आणि स्वतःच पाना उचलला.

उजव्या मोटारीवर कुंकू होतं. डावी मोटार वेगळीच निघाली, जुनी, झिजलेली. तिच्यावर भस्माचे तीन आडवे पट्टे.

"म्हणजे चोरीच," सर घाईनं म्हणाले. "चोर घरात ठेवून स्पर्धा होत नसते. ह्याला घरी पाठवा."

पवननं मान खाली घातली. गावात हे एकदा पसरलं, की पोराच्या नावाला लागलेला डाग आयुष्यभर निघणार नाही. बाई खोलीत येरझाऱ्या घालू लागल्या. मग त्यांनी शिपाई हरिबाला हाक मारली.

"काल ही खोली कुणी उघडली?"

"पवन आलता. बॅटरी चार्जिंगला लावली अन् लगीच गेला."

"त्यानंतर?"

"मी देवीला गेलतो, बाई. किल्ली खिळ्याला असती. समद्यांना ठावं हाय."

"पवन, झाकण उघडलंस?"

"न्हाई, बाई. बॅटरी भाईरच असती. झाकण कावून उघडू?"

"सर, तुम्ही?"

"मी काल शाळेकडं फिरकलोच नाही."

कोपऱ्यात सरांची मुलगी शिवानी उभी होती. पैलवानाच्या सगळ्या वायरी तिनं जोडलेल्या.

"शिवानी, इकडं ये. ह्या पट्ट्यांवर तीन बोटं ठेव."

तिनं ठेवली. प्रत्येक बोटाच्या दोन्ही बाजूंनी भस्म उरलं. शिवानीनं हात मागं घेतला. मग तिनं वडिलांकडं पाहिलं, आणि बाईंना फार वाईट वाटलं.

"बसा, सर," बाई म्हणाल्या. "मोटार पूजेनंतर बदलली, कारण हिच्यावर माझं कुंकू नाही. आता हे भस्म का? काल हे पाने पूजेला मांडलेले. पूजेतला पाना उचलून काम करायचं, म्हणजे दोष. ज्याला त्याची धास्ती असते, तो देवाची माफी मागतोच. पवनच्या घरी खंडेनवमी नाही आणि भस्मही नाही. हरिबा देवीचा भक्त, तो कुंकवाखेरीज काही लावत नाही. भस्म तुमच्याच घरचं, आणि ही बोटं पोरीची नाहीत."

सरांनी कपाळावरचं ओघळलेलं भस्म पुसलं.

"झाकण उघडू नका म्हणणारेही तुम्हीच. पेटी शिवानीकडं गेली, की चांगली मोटार परत बसवणार होतात. पैलवान सरळ चालला असता आणि खोट पवनच्या हातात ठरली असती. झाकण उघडल्यावर तरी थांबायचं. तर तुम्ही त्याला चोर म्हणालात. देवाला भ्यालात, सर, पोराचं काही वाटलं नाही."

"पोरीनं वर्षभर वायरी जोडल्या," सर पुटपुटले. "अन् पेपरात फोटो येणार तो चालवणाऱ्याचा."

शाळेत शिवानी बापाला सर म्हणायची. आज ती विसरली.

"अप्पा, पवनचं नाव मीच सुचवलं होतं. माझ्या हातनं साधा डबा पडतो. तुमी मला कधी इचारलंच न्हाई."

सर उठले. घरून टॉवेलात गुंडाळलेली मोटार घेऊन आले आणि बाईंपुढं धरली. बाईंनी ती घेतली नाही. सर पवनकडं वळले.

"चुकलो मी, पवन."

पवननं मोटारीला हात लावला नाही.

"सर, उद्या स्टँडवर माझी आई येनार हाय," तो म्हणाला. "तिच्यापुढं सांगा."

सरांनी शिवानीकडं पाहिलं.

"सांगतो," ते म्हणाले.

तेव्हा पवननं मोटार घेतली. शिवानी खाली बसून जुन्या मोटारीच्या वायरी सोडवू लागली.