मुखपृष्ठावरचा पाळणा

डोंगरातल्या आमच्या नारिन गावाची थंडी अशी, की जलरंगाचं पाणी वाटीतच गोठतं. म्हणून चित्रकार बुरुलचा चुलीला खेटून बसायची आणि मासिकाच्या वसंत अंकाचं मुखपृष्ठ रंगवायची. समोर नमुन्याला नवा पाळणा होता, लेकीच्या होणाऱ्या बाळासाठी घेतलेला. पहिला पाळणा आजोळानंच द्यायचा असतो. लेकीला, आयझादाला, आठवा लागला होता. आधीची दोन्ही बाळं पोटातच गेलेली, त्यामुळे बुरुलचाचा जीव टांगणीला लागला होता.

संपादक तोलोगोन कच्चं चित्र पाहून म्हणाला, "ताई, पाळणा अगदीच मेल्यासारखा दिसतोय. जरा हलू द्या की त्याला."

रिकामा पाळणा हलवू नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पण चित्रातल्या पाळण्याला कसला आलाय नियम? बुरुलचानं तो डावीकडे कललेला रंगवला.

सकाळी पाहते तर पाळणा उजवीकडे कललेला.

आपलीच काहीतरी चूक, म्हणून तिनं सोडून दिलं. दुपारी तो पुन्हा डावीकडे होता. तेवढ्यात आयझादाचा फोन आला.

"आई, कालपासून बाळ हललं नाही गं."

लेकीला दवाखान्यात पिटाळून बुरुलचानं घाईघाईनं रंग कालवले. पाळणा रिकामा आहे ना, मग भरूनच टाकू. डाळिंबी गाल, काळंभोर जावळ. कुंचला निसटला आणि डाव्या भुवईवर निळा ठिपका पडला. तो तिनं तसाच ठेवला.

पाळणा हलायचा थांबला. संध्याकाळी फोन आला, बाळ हललं म्हणून.

मुलगा झाला. डाळिंबी गाल, काळंभोर जावळ, डाव्या भुवईवर निळसर तीळ. तो कधी रडायचा नाही. किती गुणी पोर, म्हणून सासरचे खूश.

अंक छापून आला. बाळ काढलंय म्हणाला होतात, ते कुठं गेलं, असं तोलोगोननं विचारलं. मुखपृष्ठावर नुसता पाळणा होता, स्थिर, रिकामा. बुरुलचानं अंक पालथा घातला.

इतके दिवस बाळाला पाणी लावलं नव्हतं, लोण्यानंच पुसत होते. चाळिसाव्या दिवशी चाळीस चमचे पाण्यानं न्हाऊ घालायची रीत. आयझादा त्याला मांडीवर घेऊन बसली होती, कितीतरी दिवसांनी हसत होती.

"आज नको," बुरुलचा म्हणाली. "थंडी फार आहे."

"चूल पेटलीय की, विहीणबाई. थंडी कसली?"

आयझादाच्या सासूनं पहिला चमचा बाळाच्या कपाळावर ओतला. पाणी भुवईवरून ओघळून परातीत पडलं. किंचित निळं.

"एक," सासू म्हणाली, आणि तिनं दुसरा चमचा भरला.