उलटी निगेटिव्ह

सगळं त्याच्या हसण्यामुळे झालं. नाहीतर दहा वर्षं डार्करूममध्ये काढलेली बाई निगेटिव्ह उलटी लावेल का?

बाहेर भुरभुर पाऊस होता, म्हणून तो माझ्या स्टुडिओत शिरला होता. "नुसता आडोसा घेतोय हं… फोटो नाही काढायचा."

"मग आडोशाचं भाडं पडेल," मी म्हटलं.

"भाड्यापेक्षा फोटो परवडेल," म्हणत त्याने पाकिटातून जुनी निगेटिव्ह काढली. त्याचे वारलेले काका एका स्पोर्ट्स कारला टेकून उभे होते. "ह्या गाड्या जगात पाचच झाल्या. सहावी मी करणार, हाताने!"

"तुम्ही?"

"बसडेपोत पत्रे ठोकतो की रोज." आणि तो हसला… मेलं ते हसणं डोक्यात घेऊनच मी आत गेले आणि फिल्म उलटी लावली. डावं ते उजवं झालं. गाडीवरचा अकरा नंबर म्हणजे दोन उभ्या रेघा, उलटूनही अकराच! कुणाला कळणार?

तो फोटो आपल्या शेडच्या भिंतीवर चिकटवून, त्यात बघून, तो चार वर्षं गाडी घडवत राहिला. दर रविवारी मी जायची. लाकडी साच्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा मी धरायचा, त्याने ठोकायचा.

"फोटोवाली, घट्ट धर."

"धरलाय. तू पत्र्याकडे बघ, माझ्याकडे नको."

"वाकडा गेला तर तुझ्या नावावर हं!"

घरी वहिनी म्हणायची, "लोक जोडीनं फिरायला जातात, तुम्ही काय भंगार वाजवता?" मी लाजून लाल व्हायची.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी त्याने पेन्सिल शर्टाच्या खिशात खोचली. डावीकडे. माझी नजर सहज फोटोवर गेली… काकांचा खिसा उजवीकडे होता! निगेटिव्ह मीच उलटी लावली होती. म्हणजे स्टिअरिंग उलट्या बाजूला, बोनेटवरचा फुगवटा उलट्या बाजूला, सायलेन्सरही. आणि त्याला तर गाडी हुबेहूब हवी होती, केसाचाही फरक नको होता.

सांगायला हवं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत मी पत्रा धरून उभी राहिले. जीभच रेटेना.

परवाच्या रविवारी लाल रंग वाळला. किती देखणी दिसत होती गाडी! त्याने अदबीने दार उघडून मला आत बसवलं आणि खिडकीवर वाकला.

"उद्या एक गृहस्थ येणार आहेत बघायला. त्या पाचांतली एक खरी गाडी आहे त्यांच्याकडे." मग कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होऊन म्हणाला, "ही सीट… कायमची घेशील का? म्हणजे… लग्न करशील माझ्याशी?"

'हो' अगदी ओठांवर होतं हो! पण उद्या तो परका माणूस गाडीकडे बघून हसणार, आणि ह्याचा चेहरा… मला बघवलं नसतं.

"निगेटिव्ह मी उलटी लावली होती," मी म्हटलं. खिशाचंही सांगितलं.

तो फोटोपाशी गेला. काकांचा खिसा पाहिला, मग स्वतःचा चाचपला.

"चूक होते गं," तो हळूच म्हणाला. "तुझ्याकडे बघण्यात माझेही कितीतरी पत्रे वाया गेलेत…" माझ्या जिवात जीव आला. मग त्याने वळून विचारलं, "कधी कळलं तुला?"

खोटं बोलता आलं असतं. "दोन वर्षं झाली," मी म्हटलं.

तो मटकन स्टुलावर बसला. "म्हणजे ही दारं… हे सगळं बोनेट… तू पत्रा धरून उभी होतीस, आणि मला ठोकू दिलंस?"

"गाडी थांबली असती तर माझे रविवार थांबले असते रे! तुझ्याशिवाय राहवत नव्हतं मला… प्रेम आहे माझं तुझ्यावर!"

चार वर्षांत पहिल्यांदा बोलले. काय पण वेळ साधली!

त्याने गाडीवर ताडपत्री ओढली, चारी कोपरे नीट बांधले आणि शेडचं दार उघडलं.

"अंधार पडायच्या आत निघा तुम्ही," तो म्हणाला.

तुम्ही! अरे, शिव्या दिल्या असत्यास तर मी रडले असते, भांडले असते, पाय धरले असते तुझे. पण 'तुम्ही' म्हणणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं?