निशाणी डावा अंगठा

जुन्नरच्या बाजारात माझं एक टेबल, एक भिंग आणि शाईचं पॅड आहे. सरकारी नोकरीत तीस वर्षं ठसे तपासले, आता खासगीत अंगठे वाचतो. दिलेला शब्द फिरवणाऱ्यांसाठीच गोऱ्या साहेबांनी बंगालात कागदावर हाताचे ठसे घ्यायला सुरुवात केली. माणूस खोटं बोलतो, अंगठा बोलत नाही. त्यावर माझं घर चाललं.

लोणीच्या साळुबाई आल्या. भावानं, रखमाजीनं, १९९८चं वाटणीपत्र काढलं होतं. बापाच्या जमिनीतला वाटा बहिणीनं सोडला, असं त्यात लिहिलेलं. खाली निशाणी डावा अंगठा.

"गफूरभाई, म्या नाय दिला."

"सगळे असंच म्हणतात, बाई."

त्यांनी पदराखालून डावा हात काढला. चारच बोटं. "द्यायला व्हता कुठं? एक्याण्णवला कडबाकुट्टीत गेला. दवाखान्याचा कागद हाये."

मला हसू आवरेना. या भावानं बहिणीचा हातसुद्धा कधी नीट पाहिला नव्हता!

दावा पक्का करावा म्हणून मी रोजगार हमीचं १९८६चं मस्टर मिळवलं. त्यावर साळुबाईंचा खरा अंगठा होता. दोन ठशांतला फरक दाखवायचा, की झालं.

बारा खुणा जुळल्या की आम्ही माणूस एकच धरतो.

सव्वीस जुळल्या.

भिंग पुसून पुन्हा मोजल्या. सव्वीसच.

घोडेगावच्या कोर्टात मला एवढंच विचारलं, की ९८ साली बाईंना डावा अंगठा होता का. नव्हता, म्हणालो. मस्टर पिशवीतच राहिलं.

बाहेर रखमाजीनं मला गाठलं. "कागद म्या केला, कबूल. पण अंगठ्याची जागा कोरी व्हती, भाऊ. सकाळी बघतो तर उमटलेला!"

"हे जजला सांगायचं होतं, राव."

"हसला असता की."

निकाल साळुबाईंचा लागला. ताबा घ्यायच्या दिवशी लोणीत हलगी कडाडली, गुलाल उडाला, पेढे मलाही दोन जास्त मिळाले. साळुबाई अनवाणी सगळा बांध फिरून आल्या आणि ताठ उभ्या राहिल्या. "माझं हाये," एवढंच म्हणाल्या.

भर दुपारी ताबापावतीवर त्यांनी उजवा अंगठा दाबला.

मी कागद वाळवायला उचलला.

शेजारी दुसरा ठसा होता. ओला.

हलगीच्या नादात कुणी पाहिलं नाही. मी भिंग लावलं.

रेषा त्याच, मस्टरवरच्या डाव्या अंगठ्याच्या. फक्त आता त्यांच्यावर आडव्या चिरा पडल्या होत्या, तीस-पस्तीस वर्षं खुरपणी केलेल्या अंगठ्याला पडतात तशा.