पट्टा घरी न्यायचा

व्यंकटरावांनी तक्रार केली ती जिन्यात उभं राहून, हातातल्या वर्तमानपत्राची घडी करत. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेला माणूस; आवाज चढवणं त्यांना जमत नसे. पुंडलिकनगरातल्या त्यांच्या घराचा वरचा मजला मृण्मयीनं भाड्यानं घेतला होता, आणि ती कामावर गेली की तिची कुत्री खारीक दिवसभर भुंकायची.

"भुंकण्याचं एक वेळ सोड," ते म्हणाले. "काल दुपारी ती गॅलरीत आडवी पडली होती, जीभ बाहेर काढून. अंगावर बादली ओतली तेव्हा कुठं मान उचलली. उद्या मी घरी नसलो तर काय करशील?"

त्या उन्हाळ्यात बादली ओतणं म्हणजे थोडी गोष्ट नव्हती. आदल्या वर्षीचा पाऊस जेमतेम झालेला. नळाला नवव्या दिवशी पाणी यायचं, तेही तासभर, आणि गल्लीत सकाळपासून टँकरचे पाईप लोळत असायचे. मृण्मयी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली. शेंद्र्याच्या एका कारखान्यात खाद्यपदार्थ तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची. सकाळी सातला निघे, संध्याकाळी सहाला परते. आईवडील नांदेडला. या शहरात तिची वाट बघणारं असं एक खारीकच होतं. दोन वर्षांपूर्वी टँकर भरायच्या ठिकाणी चिखलात सापडलेलं, खारकेच्या रंगाचं पिल्लू. आता ते गुडघ्याएवढं झालं होतं.

तिनं कुत्र्यांची पाळणाघरं शोधायला घेतली आणि ती आपल्या पद्धतीनं शोधली. पिशवीत थर्मामीटर, निर्जंतुक कापसाच्या काड्या, टेप आणि नोंदींची वही. पहिली जागा एका इमारतीच्या तळघरात होती. पिंजरे स्वच्छ, पण फिनेलचा वास डोळ्यांना झोंबत होता आणि बाहेर पडायला एकच दार. दुसरी एका बंगल्याच्या गच्चीवर, पत्र्याखाली. दुपारी एकला पारा सत्तेचाळीसवर गेला. दोन्हीकडं तिनं कुत्र्यांच्या पाण्याच्या भांड्यात काडी फिरवून आणली आणि प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघायला तिची प्लेट लावली. दुसऱ्या दिवशी दोन्ही प्लेटा जंतूंच्या ठिपक्यांनी इतक्या भरल्या होत्या की मोजता येईनात.

तिसरी जागा गारखेड्याच्याही पुढं, बायपास ओलांडल्यावर होती. तिथली शेतं मोडून प्लॉट पडले होते. सगळीकडं चुन्याच्या रेघा, सिमेंटचे खांब, न झालेल्या सोसायट्यांच्या कमानी. त्यांच्या मधोमध दोन एकरांचा एक तुकडा तसाच राहिलेला, तारेचं उंच कुंपण घातलेला. आत सात जुने कडुलिंब. जागा ऋतुराजची. तो कृषी पदवीधर, तिशीच्या आतला, टापटीप. लसीकरणाची वही, दोन फाटकं, मोबाइलवर दिवसभर दिसणारा कॅमेरा, सगळं होतं. झाडाखालचं तापमान चौतीस. कोपऱ्यात खाटेवर त्याची आजी, केसरबाई, ज्वारी निवडत बसलेली. दहा कुत्री होती आणि नवीन माणूस आत येऊनही त्यांतलं एकही भुंकलं नाही.

"जागा मोकळी हाये ना मॅडम, ताण नाही त्यांना," ऋतुराज म्हणाला.

इथल्या भांड्यातली प्लेट दुसऱ्या दिवशी कोरी निघाली. एक ठिपका नाही. मृण्मयीनं पुन्हा नमुना आणला, पुन्हा प्लेट लावली, तीही कोरी. उघड्यावरच्या भांड्यात, ज्यात झाडाची पानं पडतात आणि दहा कुत्री तोंड घालतात, त्यात शून्य येऊ शकत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण तिच्या वहीत 'पाणी' या रकान्यापुढं शून्याहून चांगला आकडा लिहायची सोय नव्हती. तिनं खारीकला तिथं घातलं.

पहिल्याच सकाळी एक कुरबूर झाली. खारीकला आत सोडून मृण्मयीनं तिचा पट्टा दोरीसकट खिळ्याला अडकवला. केसरबाई खाटेवरून उठल्या, पट्टा काढला आणि तिच्या हातात दिला.

"ह्ये तुझं तू घरी ने, माय."

मृण्मयीनं समजावून सांगितलं की तसं करणं धोक्याचं आहे. पट्ट्यावर नाव आहे, फोन नंबर आहे. आग लागली, काही झालं, तर पट्ट्याशिवाय कुत्रं बाहेर काढता येत नाही. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "जनावर ठिवायचं. दावं नाय ठिवायचं."

ऋतुराजला हसू आलं. आमच्यात बैल विकला तरी दावं देत नाहीत, तो म्हणाला. घेणाऱ्यानं आपलं नवीन आणायचं. दाव्यासगट दिलं की जनावरावरचा आपला हक्क पार सुटतो, असं म्हणतात. आजीचं खूळ आहे, मनावर घेऊ नका.

"पण मी विकायला कुठं आणलंय?" मृण्मयी म्हणाली. तरी रोज सकाळी पट्टा तिच्या हातात परत यायचाच, आणि ती तो पिशवीत घालून शेंद्र्याची बस पकडायची.

आकड्यांनी तक्रारीला जागा ठेवली नाही. तीन आठवड्यांत खारीकचं वजन दीड किलोनं वाढलं. गोचीड गेले. केसांवर तकाकी आली. संध्याकाळी न्यायला गेलं की शेपूट हलवत फाटकाशी यायची. जेवणाच्या सुट्टीत मृण्मयी मोबाइलवर कॅमेरा लावून बघत बसायची, आणि तिथंच एक गोष्ट तिच्या लक्षात आली. बाराच्या सुमारास, कुणी न सांगता, सगळी कुत्री उठायची आणि कडुलिंबांखाली ओळीनं बसायची. एकच सरळ ओळ. तोंडं सगळ्यांची दक्षिणेला. तिनं पडद्यावर पट्टी ठेवून पाहिलं. दोन कुत्र्यांमधलं अंतर सगळीकडं सारखं होतं.

सावलीचा पट्टा सरळ असेल, तिनं स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सावली बघितली. ती सरळ नव्हती.

मग तिला त्यांचे जबडे हलताना दिसले. चित्र अंधुक होतं, म्हणून रविवारीही तिनं खारीकला तिथं सोडलं, दुपारी स्वतः गेली आणि कुंपणाबाहेर उभी राहिली. बाहेर रस्त्यावर डंपर चालले होते. आत अकरा कुत्री पाय पोटाखाली दुमडून बसली होती, डोळे अर्धे मिटलेले, आणि काहीतरी चघळत होती. सावकाश, एका लयीत. समोर खायला काही नव्हतं. कुत्र्याच्या जबड्याचा सांधा दाराच्या बिजागरीसारखा असतो. तो वर-खाली होतो, आडवा फिरत नाही. खारीकचा खालचा जबडा आडवा फिरत होता.

वाऱ्यावर ओल्या कडब्याचा वास आला. आसपास दोन-तीन किलोमीटरवर कुठं हिरवी काडी नव्हती.

त्या दिवशी तिनं वहीत तारीख घातली आणि पुढं काही लिहिलं नाही. संध्याकाळी खारीक नेहमीसारखी घरी आली, भाकरी-दूध खाल्लं, तिच्या पायावर मान टाकून झोपली. मृण्मयीनं तिचा जबडा हातात धरून पाहिला. वर-खाली होत होता. दुसरीकडं कुठं न्यायचं म्हटलं तर तळघर होतं, नाहीतर गच्ची.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या प्लॉटवरच्या वाळल्या गवतानं पेट घेतला. कुंपणापर्यंत आग आली. ऋतुराजनं टँकरवाल्याला बोलावून ती विझवली, पण तोवर कुत्र्यांना मानेला धरून ओढत दुसऱ्या फाटकाशी न्यावं लागलं होतं, आणि दोन कुत्री जागची हललीच नव्हती. त्यांतली एक खारीक. त्यानं हे फोनवर सांगितलं तेव्हा मृण्मयी सूक्ष्मदर्शकापुढं बसली होती.

दुसऱ्या सकाळी खाट रिकामी होती. केसरबाई पैठणला, लेकीकडं गेल्या होत्या, चार दिवसांसाठी. मृण्मयीनं पट्टा खिळ्याला अडकवला. नावाची चकती पुढं दिसेल अशी फिरवून ठेवली. ऋतुराजनं अडवलं नाही. उलट, हे बरं केलंत म्हणाला.

संध्याकाळी खिळ्यावर पट्टा नव्हता.

ऋतुराजनं सगळीकडं शोधलं. दोघांनी मिळून कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं. बारा वाजून चार मिनिटांपर्यंत पट्टा खिळ्यावर दिसत होता. बारा वाजून पाच मिनिटांनी दिसत नव्हता. मधल्या वेळात खिळ्याजवळ कुणी आलं नव्हतं. सगळी कुत्री ओळीत होती. ऋतुराजनं सुतळी शोधून दिली आणि मृण्मयीनं खारीकला रिक्षात घालून घरी आणलं.

घरी आल्यावर खारीक हॉलच्या दक्षिणेकडच्या भिंतीशी जाऊन बसली. खायला बोलावलं तर उठली, सहा फरश्या चालून आली आणि थांबली. सातव्या फरशीवर भाकरीचा तुकडा होता. तिनं मान लांब केली, ती पुरली नाही, आणि ती परत भिंतीशी गेली.

मृण्मयीला वाटलं, आगीची भीती बसली असेल. तिनं सुटी टाकली. दुसऱ्या दिवशी खारीक भिंतीपासून चार फरश्यांच्या पुढं येईना. उचलून पुढं न्यायला गेली तर पाचव्या फरशीवर खारीकचा श्वास घशात अडकला, शिटीसारखा वाजला, डोळे पांढरे झाले. मृण्मयीनं घाबरून तिला मागं नेलं. मानेवरून हात फिरवला. मान मोकळी होती, पण गळ्याभोवतीचे केस एका बोटाच्या रुंदीनं दबलेले होते.

डॉक्टर घरी येऊन गेले. ताप नाही, घसा ठीक, म्हणाले. व्यंकटराव वर डोकावून, आता भुंकत नाही, बरं झालं, असं म्हणाले आणि मग खारीककडं नीट बघून खाली गेले.

तिसऱ्या दिवशी दोन फरश्या. खारीकनं दोन दिवसांत पाणी सोडून काही घेतलं नव्हतं. मृण्मयीनं वही काढली. सहा, चार, दोन. ठिपके जोडले. रेघ सरळ होती आणि ती उद्या कुठं पोचणार हे कळायला पदवी लागत नव्हती. भिंतीला टेकल्यावर ओढ थांबेल असं धरून चालायला तिच्याजवळ काही आधार नव्हता.

तिनं रिक्षा बोलावली. दारातून बाहेर पडताना खारीकला धरावं लागलं नाही. ती पुढं होती, आणि मृण्मयी मागून धावत होती.

केसरबाई एक दिवस आधीच परतल्या होत्या. फाटकात खारीक आत सुटली, झाडाखाली गेली, ओळीत आपल्या जागी बसली आणि तिचा जबडा हलायला लागला. म्हातारीनं ते पाहिलं.

"पट्टा कुणी ठिवला?"

"मी."

केसरबाई खाटेवर टेकल्या. मग खाटेवरचं सूप बाजूला सारून तिला जागा केली आणि तुटक तुटक सांगत राहिल्या. बहात्तरच्या साली त्या नव्या नवरी होत्या. सासऱ्याच्या विहिरीला तेवढं पाणी होतं, म्हणून इथं जनावरांची छावणी पडली. आजूबाजूच्या पंधरा-वीस गावांतली जनावरं. घरी ठेवून मरण्यापेक्षा इथं राहू देत म्हणून लोक दाव्यासगट बांधून गेले. पाऊस पडला की नेतो म्हणाले.

"मग?"

"मग काय माय. पाऊस पडला की. न्यायला कुणी आलं नाय, जनावरं हितंच ऱ्हायली."

मृण्मयीनं विचारलं, खारीकला सोडवायचं कसं. मागून घ्यावं लागतंय, केसरबाई म्हणाल्या. कुणाकडं, असं मृण्मयीनं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा म्हातारी ज्वारीतला खडा शोधत राहिली.

खारीक तिथं खात होती, पीत होती, अंगानं भरत होती. मृण्मयी रोज कामावरून सुटली की थेट तिथं यायची आणि अंधार पडेपर्यंत कुंपणाबाहेर उभी राहायची. हाक मारली तर पहिल्या दिवशी खारीकनं कान हलवला. तिसऱ्या दिवशी नाही हलवला. पाचव्या दिवशी मृण्मयीला ते बघवलं नाही. मला आत जाऊ द्या, ती म्हणाली. मी नुसती तिच्याजवळ बसेन. तिला माझा वास तरी येऊ दे.

केसरबाईंनी फाटकाची कडी काढली. दार अर्धं उघडलं आणि त्यांचा हात तिथंच थांबला. त्या तिच्या छातीकडं बघत होत्या.

"आदी गळ्यातलं काढ," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पर्समदी घाल."

मृण्मयीनं खाली पाहिलं. कामावरून तशीच आली होती. गळ्यात कारखान्याच्या ओळखपत्राची निळी फीत होती.

वारा नव्हता. कडुलिंबाचं एक पान हलत नव्हतं.

कार्ड सरळ खाली लोंबायला हवं होतं. ते छातीपासून सुटून ओळीच्या दिशेनं पुढं आलं होतं, वीसेक अंशांच्या कोनात, आणि तसंच स्थिर होतं.