न लवलेला मुजरा

सावळगडाच्या उत्तर कड्यावर पहाटेचे धुके दाटले असतानाच इशारतीची तोफ धडाडली, आणि किल्लेदार सिदोजीराव पालांडे कमरबंद सावरीत सदरेबाहेर धावले. तोफ उत्तर बुरुजावरची होती, आणि त्या बुरुजाकडे चार महिने त्यांनी पाऊल टाकले नव्हते. तिथे रुमाजी खाडे होता.

रुमाजी पहाऱ्याचा नाईक. दसऱ्याच्या दरबारात सारे गडकरी लवून मुजरा करीत असता हा गडी खांबासारखा उभा राहिला. हातून निसटलेला विडा उचलतानाही वाकला नाही. पाठ सरळ ठेवून गुडघे मोडून खाली बसला. पाठ लवत नाही, एवढेच पुटपुटला. सिदोजीरावांच्या मस्तकात तिडीक गेली. सर्वांसमक्ष मगरूर म्हणून त्यांनी त्याची नाईकी काढली आणि त्याला उत्तर बुरुजावर धोंडे वाहायला धाडले.

परवा रामंभट वैद्यांनी उलगडा केला. रुमाजीच्या मणक्यात क्षय शिरला होता. रोज सांजेला ताप, पाठीवर टेंगूळ, आणि आता पायही लुळे. हलवले की कळा येतात, म्हणून तो बुरुजाच्या ओवरीतच पडून होता.

"तेव्हाच निजवून ठेवला असता तर पाय कदाचित वाचते, सरकार," वैद्य म्हणाले. "आपण त्याच्या पाठीवर धोंडे दिलेत."

सिदोजीरावांना त्याच पावली जायचे होते. पण कोणत्या तोंडाने जावे? उद्या जाऊ म्हणत दोन दिवस त्यांनी शरमेपोटी दवडले.

बुरुजावर पोहोचताच त्यांना सारे कळले. पहारा बदलण्याच्या घटकेला गनिमाच्या शिड्या कड्याला लागल्या. कळांनी जागा असलेल्या रुमाजीने चाहूल घेतली, कोपरांवर सरपटत तोफ गाठली आणि शेगडीतल्या निखाऱ्याने बत्ती दिली. धावून आलेल्या शिबंदीने त्यानेच वाहिलेले धोंडे शिड्यांवर लोटले. गड वाचला.

तोफेच्या गाड्याशी रुमाजी पडला होता. कोपरे सोलून निघाली होती.

"सरकार, मुजरा राहिला," तो म्हणाला.

सिदोजीराव त्याच्याजवळ मातीत बसले. "अपराध माझा झाला, रुमाजी. तुझी नाईकी तुला परत."

"नाईकी आता काय करू? चारचौघांत मगरूर म्हणालात. चारचौघांत सांगा, मी आजारी होतो. माझ्या घराण्याला तो डाग नको."

त्याच दुपारी सारा गड बुरुजावर बोलावून सिदोजीरावांनी आपली चूक सांगितली आणि रुमाजीपुढे तीनदा लवून मुजरा केला. रुमाजीने डोळे मिटून घेतले. आठव्या दिवशी तो गेला.

पुढल्या दसऱ्याला एक म्हातारा शिलेदार मुजऱ्याला जरा उशिरा लवला. दरबार चपापला. सिदोजीराव गादीवरून उठले, त्याच्यापाशी गेले आणि हलकेच त्यांनी विचारले, "पाठ दुखते का, बाबा?"